पगार, घर आणि घड्याळ

नोकरी कोठें धरावी, पगार किती मागावा आणि बिऱ्हाड कोठें करावें, हे तीन प्रश्न वेगवेगळे आहेत असें समजून पुष्कळ तरुण त्यांचीं उत्तरेंही वेगवेगळीं शोधीत बसतात. वस्तुतः हा एकच प्रश्न असून त्याच्या तीन बाजू आहेत. त्यांतील एक हलविली कीं उरलेल्या दोन आपोआप हलतात. संगणकाच्या धंद्यांत शिरलेल्या मुंबईच्या तरुणास तर हा प्रश्न दर दोन-चार वर्षांनीं नव्यानें सोडवावा लागतो. कारण त्याच्या धंद्यांत नोकरी बदलण्याची चाल आहे, आणि त्याच्या शहरांत घर बदलण्याइतकें महाग काम दुसरें नाहीं. गिरगांव, दादर, परळ आणि लालबाग या भागांत हा प्रश्न कसा उभा राहिला, आणि साध्या अंकगणितानें तो कितपत सुटतो, हें येथें पाहावयाचें आहे.

मुंबईस हा प्रश्न नवा नाहीं. १८५६ सालीं ताडदेव येथें कावसजी दावर यांच्या गिरणीचें चाक फिरूं लागलें, आणि पुढें परळ, लालबाग, चिंचपोकळी, करी रोड, डिलाइल रोड या टापूंत गिरण्यांच्या चिमण्या एकामागून एक उभ्या राहिल्या. गिरणीच्या मागोमाग चाळ आली. भोंगा ऐकूं येईल एवढ्याच अंतरावर कामगार राहत असे. कारण पहिल्या पाळीस वेळेवर हजर व्हावयाचें तर स्वतःच्या पायांवांचून दुसरें वाहन त्याला परवडण्यासारखें नव्हतें. कामाचे दिवस इतके सलग असत कीं आठवड्याची सुटी मिळण्यासाठीं नारायण मेघाजी लोखंडे यांस मोठी खटपट करावी लागली. ती सुटी १८९० सालीं मिळाली. पुढें १९२० सालीं सरकारनें विकास खातें निर्माण केलें, आणि त्या खात्यानें वरळी, नायगांव, डिलाइल रोड व शिवडी येथें चाळी बांधल्या. बी. डी. डी. चाळी म्हणतात त्या याच. त्यांची एकूण संख्या २०७, आणि त्यांतील एक खोली १६० चौरस फुटांची. तेवढ्या जागेंत एक अख्खें कुटुंब, नाहींतर बायकामुलें कोंकणांत ठेवून आलेले अनेक गाळेकरी राहत. एक पाळी कामावर जाई, तेव्हां दुसरी तिच्या जागेवर पथारी टाकी. जागा अपुरी होती, पगार बेताचा होता; परंतु कामावर जाण्यायेण्याचा खर्च, पैशाचा आणि वेळेचाही, जवळजवळ शून्य होता. ही गोष्ट पुढील हिशेबासाठीं ध्यानांत ठेवावी.

गिरगांवच्या पांढरपेशा कारकुनानें तेंच गणित निराळ्या रीतीनें सोडविलें. फोर्टांतल्या कचेऱ्या पायीं किंवा ट्रामनें गांठतां येत, म्हणून त्यानें गिरगांवांतल्या चाळींत दोन खोल्यांचें बिऱ्हाड केलें. १८९६ च्या प्लेगनें दाट वस्तीचें भय दाखविल्यावर १८९८ सालीं सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, आणि त्याच्या योजनांतून दादर-माटुंग्याकडे मध्यम वर्गासाठीं नव्या वसाहती उठल्या. याच सुमारास रावबहादूर श्रीपादराव तल्माकी यांच्या पुढाकारानें गिरगांवालगत गांवदेवी येथें १९१५ सालीं सारस्वतांची सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली. एकट्या पगारदारास घर बांधतां येत नाहीं, पण अनेक पगारदार एकत्र आले तर तें साधतें, हा धडा त्या संस्थेनें शहरास घालून दिला.

यानंतर भाड्याचा कायदा आला. १९४७ च्या कायद्यानें जुन्या जागांचीं भाडीं १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधून टाकलीं. युद्धाच्या महागाईंत भाडेकरूचें रक्षण करण्याचा त्याचा हेतु योग्यच होता. परंतु भाडें तेथेंच राहिलें आणि दुरुस्तीचा खर्च मात्र वाढत गेला. मालकानें इमारतीकडे पाठ फिरविली. खोली हातीं घेतांना मोठी रक्कम देण्याची, म्हणजे पागडीची, चाल रूढ झाली. आणि पडावयास आलेल्या इमारती सांवरण्यासाठीं १९६९ सालीं सरकारला दुरुस्ती मंडळाचा वेगळा कायदा करावा लागला. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानें पागडीस मान्यता दिली आणि जुन्या भाड्यांत दरसाल चार टक्के वाढ करण्याची मुभा ठेविली. परिणाम असा कीं, गिरगांवच्या एकाच वाडींत, एकाच जिन्यावर, जुना पागडीवाला महिन्यास कांहीं शें रुपये देतो, आणि अकरा महिन्यांच्या करारावर नव्यानें आलेला बिऱ्हाडकरू त्याच मापाच्या जागेसाठीं कित्येक हजार मोजतो. या भागांत राहणें स्वस्त कीं महाग, याचें उत्तर म्हणूनच विचारणारा कोणत्या दारानें आंत आला यावर अवलंबून आहे.

१८ जानेवारी १९८२ रोजीं डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखालीं गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यांत होते. पुष्कळांस पुन्हां साचा पाहावयास मिळाला नाहीं. गिरण्या थंडावल्या आणि त्यांच्या जमिनीचा प्रश्न पुढें आला. १९९१ च्या विकास नियमावलींत या जमिनीचे तीन वांटे करण्याचें ठरलें होतें: एक शहराच्या मोकळ्या जागेसाठीं, एक सार्वजनिक घरबांधणीसाठीं, आणि एक मालकासाठीं. २००१ च्या दुरुस्तीनें ही वांटणी केवळ गिरणींतील रिकाम्या जागेपुरती उरली, आणि मार्च २००६ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें ती दुरुस्ती ग्राह्य ठरविली. ज्या आवारांत माग चालत तेथें कांचेच्या कचेऱ्या उठल्या, आणि त्या कचेऱ्यांत संगणकावर काम करणारे हजारों तरुण येऊं लागले. फरक एवढाच कीं, गिरणीचा माणूस कामावर पायीं येत असे, आणि कचेरीचा माणूस लोकलनें येतो. त्याच जागेवर कामकरी आले, पण त्यांच्या घरांची सोय त्या जागेवर झाली नाहीं. २९ सप्टेंबर २०१७ रोजीं सकाळीं, भर पावसांत, एल्फिन्स्टन रोड आणि परळ हीं स्थानकें जोडणाऱ्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ माणसें दगावलीं. पुढें लष्करानें तेथें नवा पूल बांधून दिला, आणि स्थानकाचें नांवही २०१८ सालीं प्रभादेवी झालें. परंतु कामाची जागा आणि राहण्याची जागा एकमेकींपासून तुटली म्हणजे काय होतें, याची ती नोंद पुसली जाण्यासारखी नाहीं.

संगणकाचा धंदा मुंबईंत मुळींच उपरा नाहीं. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेनें स्वतः घडविलेला संगणक १९६० सालीं चालूं झाला. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस १९६८ सालीं याच शहरांत निघाली. १८८७ सालीं स्थापन झालेली आणि गिरण्यांस लागणारे तंत्रज्ञ तयार करणारी व्ही. जे. टी. आय. ही संस्था १९२३ सालीं भायखळ्याहून माटुंग्यास गेली. आज तीच संस्था संगणकाचे इंजिनियर बाहेर काढते. परंतु या धंद्याची मोठी रोजगारी दक्षिण मुंबईंत राहिली नाहीं. अंधेरीस १९७३ सालीं निघालेलें सीप्झ, पवई, गोरेगांव, वांद्रे-कुर्ला संकुल, आणि खाडीपलीकडे ऐरोली, असे तिचे मुक्काम झाले. मुलगा लालबागचा, कॉलेज माटुंग्याचें आणि नोकरी ऐरोलीची, अशी स्थिति पुष्कळ घरांत दिसते.

आतां पगाराकडे वळूं. नेमणुकीच्या पत्रांत जो मोठा आंकडा असतो, त्यास सी. टी. सी. म्हणतात. कंपनीस त्या माणसामागें वर्षभरांत जो एकूण खर्च पडेल असें ती मानते, तो हा आंकडा. तो पगार नव्हे. समजा, पत्रांत वर्षास १२ लाख, म्हणजे महिन्यास १ लाख लिहिले आहेत. मूळ पगार त्याच्या निम्मा, म्हणजे ५०,००० आहे. आणि दहावा हिस्सा कामगिरीवर अवलंबून आहे. मग लाखांतून ते १०,००० प्रथम बाजूस काढावे; ते वर्षाखेर मिळतील, कमी मिळतील, किंवा मिळणारही नाहींत. कंपनी भविष्यनिर्वाह निधींत मूळ पगाराच्या बारा टक्के भरते. ते ६,००० याच लाखांतले. ग्रॅच्युइटीचे सुमारे २,४०० यांतच धरलेले असतात. उरले ८१,६००. त्यांतून नोकराच्या स्वतःच्या वांट्याचे निधीचे ६,००० आणि व्यवसाय कराचे २०० वजा जातां हातीं ७५,४०० येतात. १ एप्रिल २०२५ पासून नव्या पद्धतीनें १२ लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर प्राप्तिकर माफ असल्यानें या उदाहरणांत कर पडत नाहीं. उत्पन्न त्याहून वाढलें कीं तोही वजा होईल. लाखाचे पाऊणशें हजार कसे होतात, तें हें असें.

यांत लबाडी आहे असें समजण्याचें कारण नाहीं. निधीचा पैसा नोकराचाच असून तो म्हातारपणीं उपयोगीं पडतो. परंतु ग्रॅच्युइटीची गोष्ट निराळी. कायम नोकरास ती साधारणतः पांच वर्षें एकाच ठिकाणीं काढल्यावांचून मिळत नाहीं. जो तरुण दर दोन वर्षांनीं नोकरी बदलतो, त्याच्या पत्रांत ती रक्कम प्रत्येक वेळीं लिहिलेली असते आणि त्याच्या हातांत एकदांही पडत नाहीं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन-संहितेनें भत्ते फुगवून मूळ वेतन लहान दाखविण्यास आळा घातला आहे. एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त भत्ते असल्यास तो जादा भाग वेतनांतच धरला जातो. घरभाडें भत्त्यावरील कराची सवलत मात्र जुन्या करपद्धतींतच मिळते, नव्या पद्धतींत नाहीं. तेव्हां भाड्यानें राहणाऱ्यानें दोन्ही पद्धतींनीं हिशेब मांडून मगच निवड करावी.

पगाराचा आंकडा निश्चित झाला, म्हणजे घड्याळ हातीं घ्यावें. दोन घरें समजा. एका घरापासून कचेरीस पोहोंचण्यास २५ मिनिटें लागतात, दुसऱ्यापासून सव्वा तास. जाऊनयेऊन रोजचा फरक १०० मिनिटांचा. महिन्याचे कामाचे दिवस २२ धरले, तर २,२०० मिनिटें, म्हणजे ३६ तास ४० मिनिटें होतात. वर्षाचे ४४० तास. आठ तासांचा दिवस धरला तर हे ५५ दिवस झाले! दूरच्या घरांत राहणारा माणूस वर्षांतून सुमारें अडीच महिने कामाचे दिवस गाडींत उभा राहून काढतो, असा याचा सरळ अर्थ आहे.

या तासांची किंमतही काढतां येते. हातीं येणारे ७५,४०० रुपये महिन्याच्या १७६ कामाच्या तासांवर वांटले, तर तासास सुमारें ४२८ रुपये पडतात. त्या दरानें ३६ तास ४० मिनिटांची किंमत सुमारें १५,७०० रुपये. जवळच्या घराचें भाडें दूरच्या घरापेक्षां याहून कमी फरकानें जास्त असेल, तर तें महाग दिसत असलें तरी महाग नाहीं. आठवड्यांतून तीनच दिवस कचेरींत जावयाचें असेल, तर दिवस सुमारें १३ होतात, वांचणारा वेळ २१ तास ४० मिनिटांवर येतो, आणि त्याची किंमत सुमारें ९,३०० रुपयांवर उतरते. घरून काम करण्याची मुभा मिळाली कीं दूरचें घर स्वस्त होऊं लागतें, हें या त्रैराशिकावरून उघड होईल.

मात्र या गणितास दोन मर्यादा आहेत. एक अशी कीं, वांचलेला तास वाण्याच्या दुकानांत चालत नाहीं. ज्या घरांत वडिलांच्या औषधाचा खर्च आणि धाकट्या बहिणीची फी एकाच पगारांतून भागवावयाची आहे, तेथें भाड्याचे रोख दहा हजार आणि वेळेचे दहा हजार यांचें वजन सारखें नसतें. दुसरी मर्यादा अशी कीं, घरून काम करण्यास प्रथम घर लागतें. २०२० च्या टाळेबंदींत एकखोली बिऱ्हाडांस याचा पुरता अनुभव आला. परदेशी गिऱ्हाइकांशीं रात्रीं बोलावयाचें, आणि त्याच खोलींत आजी झोंपलेली, मुलगा अभ्यासास बसलेला, व शिट्टी वाजविणारा कुकर हाताच्या अंतरावर, अशा स्थितींत कंपनीनें दिलेली मुभा ही मुभा राहत नाहीं. भाड्याची बचत चौरस फुटांनीं कमी होते, हेंही वजाबाकींत धरलें पाहिजे.

मग घर कोठें पाहावें? गिरणीकामगारानें गिरणीजवळ घर घेतलें, कारण बाप, मुलगा आणि नातू एकाच गिरणींत लागत. आजची कचेरी तितकी टिकाऊ नाहीं. आणि कचेरी टिकली तरी माणूस तेथें टिकतो असें नाहीं. म्हणून आजच्या कचेरीच्या दारांत घर घेण्यापेक्षां, जेथून अनेक कचेऱ्या गांठतां येतील अशा नाक्यावर घर घेणें शहाणपणाचें. या दृष्टीनें दादरची किंमत मोठी आहे. तेथें मध्य आणि पश्चिम या दोन्ही रेल्वे मिळतात. ठाण्यास गाडी बदलून ऐरोली गांठतां येते, आणि अंधेरी-गोरेगांवही आटोक्यांत राहतें. भुयारी मेट्रोचा तिसरा मार्ग ९ ऑक्टोबर २०२५ पासून कफ परेडपर्यंत पुरा खुला झाल्यानें गिरगांवचें स्थानही बदललें आहे. ३३.५ किलोमीटरच्या या मार्गावर २७ स्थानकें असून गिरगांव, दादर, वांद्रे-कुर्ला संकुल आणि सीप्झ हीं एकाच रेषेवर आलीं आहेत. पिढ्यान् पिढ्या फोर्टाकडे तोंड करून बसलेल्या गिरगांवास उत्तरेकडच्या कचेऱ्या आतां गाडी न बदलतां गांठतां येतात. लालबाग आणि परळ यांस मात्र ही मेट्रो लागत नाहीं. त्यांची भिस्त मध्य रेल्वेवरच आहे. मार्च २०१९ पासून परळहूनच कांहीं लोकल सुटूं लागल्या, तेवढा त्यांस आधार झाला.

भाड्यानें जागा घेणाऱ्यानें एक गोष्ट चुकवूं नये. १९९९ च्या कायद्याप्रमाणें करार लेखी आणि नोंदलेला असला पाहिजे, आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. नोंदणी नसेल आणि वाद निघाला, तर विरुद्ध पुरावा येईपर्यंत भाडेकरू सांगेल त्याच अटी खऱ्या धरल्या जातात. ओळखीच्या माणसानें ‘कागद कशाला?’ म्हटलें, तरी कागद करावाच; ओळख त्यानेंच टिकते.

विकत घेण्याचा विचार करणाऱ्यानें आधीं हप्ता काढावा. एक कोटीचें कर्ज, साडेआठ टक्के व्याज आणि वीस वर्षांची मुदत धरली, तर महिन्याचा हप्ता सुमारें ८६,८०० रुपये येतो, आणि वीस वर्षांत एकूण फेड दोन कोटींवर जाते. आपल्या उदाहरणांतल्या तरुणाच्या हातीं येतात ७५,४००! शिवाय मुंबईंत मुद्रांक शुल्क सहा टक्के. खरेदीदार स्त्री असल्यास त्यांत एका टक्क्याची सवलत. म्हणजे वर्षास १२ लाखांचें पत्र हातीं असलेला माणूसही एकट्याच्या बळावर हें कर्ज पेलूं शकत नाहीं. दोन पगार, वडिलांची पुंजी, किंवा जुन्या खोलीचा हक्क, यांपैकीं कांहीं तरी जोडीस असावें लागतें.

येथेंच चाळींतल्या जुन्या खोलीकडे पुन्हां पाहिलें पाहिजे. लालबाग-परळच्या पुष्कळ घरांत तरुण मुलगा किंवा मुलगी खोली विकून दूर उपनगरांत मोठी जागा घ्यावी असें म्हणते, आणि आईवडील हलावयास तयार नसतात. हा केवळ जुन्या माणसांचा हट्ट नव्हे. वरळीच्या बी. डी. डी. चाळींच्या पुनर्विकासांत ऑगस्ट २०२५ मध्यें ५५६ कुटुंबांस १६० चौरस फुटांच्या खोलीच्या जागीं ५०० चौरस फुटांचीं घरें मिळालीं. ज्यांनीं तत्पूर्वीं हक्क विकून टाकला, त्यांच्या वांट्यास तीं आलीं नाहींत. उलट, प्रत्येक चाळीस असा दिवस येतोच असेंही नाहीं. कित्येक इमारती वर्षानुवर्षें टेकूंवर उभ्या असतात, आणि उंच इमारत उभी राहिली तरी लिफ्ट, पाणी व पहारा यांचा मासिक खर्च कायमचा मागें लागतो. म्हणून खोली विकण्यापूर्वीं इमारतीची खरी अवस्था, पुनर्विकासाच्या कागदांची स्थिति आणि संक्रमण काळांतलें भाडें कोण देणार, हीं तीन माहिती कुटुंबानें एकत्र बसून घ्यावी. मुलानें एकट्यानें ठरवूं नये, आणि वडिलांनींही मुलाच्या प्रवासाचे तास हिशेबांत न धरतां नकार देऊं नये.

गिरण्यांत बदली कामगार नांवाचा एक वर्ग असे. तो पहाटे दारावर उभा राही. कायम माणूस न आला तर त्याला काम मिळे, नाहींतर तो परत जाई. संगणकाच्या धंद्यांत काम हातीं नसलेला माणूस ‘बेंच’वर बसतो, त्याची जातकुळी फारशी निराळी नाहीं. जुलै २०२५ मध्यें टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसनें आपल्या नोकरवर्गापैकीं सुमारें दोन टक्के, म्हणजे बारा हजारांवर माणसें कमी करण्याचें जाहीर केलें. पगार मोठा म्हणून नोकरी पक्की, असें म्हणण्याचे दिवस या धंद्यासही राहिले नाहींत. घराचा हप्ता किंवा भाडें ठरवितांना, नोकरी गेल्यास सहा महिने चूल पेटती राहील एवढी शिल्लक आधीं बाजूस काढावी, आणि उरेल त्यांतून घराचा विचार करावा.

१९८२ नंतर गिरणगांवांतलीं जीं कुटुंबें तगलीं, त्यांतल्या पुष्कळांस काम राहिलें नव्हतें, पण खोली राहिली होती. त्या खोलींतून बायकांनीं खानावळी चालविल्या, पोळ्या लाटून दिल्या, शिवणकाम केलें, आणि मुलांस शिकविलें. त्यांचीच नातवंडें आज संगणकापुढें बसलीं आहेत. नेमणुकीचें पत्र हातीं आलें, म्हणजे त्यांनीं आजीला एकदां हिशेब विचारावा. सी. टी. सी. म्हणजे काय तें तिला ठाऊक नसेल. परंतु हातीं किती येतात, घरीं कितीला पोहोंचशील आणि काम सुटलें तर राहशील कोठें, हे तीन प्रश्न ती न शिकवतां विचारील.